मुद्दाम ठेवलेली चूक

ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलेला फोन गुरगुरला आणि त्याबरोबर डब्याचं झाकणही टरटर वाजायला लागलं. दुपारचे अडीच वाजलेले. नंदू नुकतीच झोपलेली, सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या, भांडी घासून पालथी घातलेली. प्रीतीच्या वाट्याला दिवसभरात येणारी रिकामी घटका ती एवढीच. तिनं झडप घालून फोन उचलला, तोवर झाकण खाली पडून फरशीवर गरागरा फिरलं आणि नंदूचा एक डोळा उघडला.

“प्रीती,” शालनताईंचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीतला, “कालचा व्हिडीओ तू कुणाला पाठवलास?”

प्रीती एका हातानं नंदूला थोपटू लागली. “भाऊसो भाऊजींना, ताई. लई मागं लागले म्हणून दिला. का वो?”

“बघ एकदा. मग बोलू.”

तिनं बघितला. काढलेला तिनंच. पुढं तिच्या चुलत दिराची, भाऊसोची, सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फाडफाड करत चाललेली, मागं एकवीस म्हशी शेपट्या वर करून धुरळा उडवत पळतायत आणि रस्त्याच्या कडेला दोन राज्यांच्या हद्दीचा दगड. कालपर्यंत हा साधा कामाचा पुरावा होता. आता त्यावर हलगी वाजत होती आणि खाली ठळक अक्षरांत होतं, ‘घुसल्या का न्हाय कर्नाटकात! कोल्हापूरच्या म्हशींचा नाद करायचा न्हाय!’ सकाळपासून पावणेदोन लाख लोकांनी ते बघितलेलं.

प्रीती तशीच डब्याला टेकून खाली बसली.

‘तराफा’ ही त्यांची संस्था म्हणजे कोल्हापुरातल्या गंगावेशीत एका दुकानाच्या माडीवरची दीड खोली, सहा खुर्च्या आणि शालनताई. ताई चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. पूर आला की दहा ठिकाणची माणसं येऊन चादरी नि बिस्किटं वाटतात, तशी ताईंनीही वाटली. पण पाणी ओसरून सगळे आपापल्या गावी गेले, तेव्हा ताई वही घेऊन घरोघर हिंडल्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच विचारलं, ‘बोट आलेली की, मग तुम्ही का निघाला नाही?’ दीडशे घरांतल्या शंभरावर घरांनी एकच सांगितलं. म्हशीला कुणाच्या जिवावर सोडून जायचं?

बोटीत म्हैस बसत नाही. ट्रकमध्ये एक म्हैस चढवायची तर चार माणसं नि अर्धा तास. सरकारी पूर आराखड्यात माणसांचा हिशेब होता, बोटींचा होता, जनावरांच्या रकान्यात मात्र ‘सुरक्षित स्थळी हलविणे’ एवढंच लिहून मोकळे झालेले. कुठं हलविणे, कोणी हलविणे, पत्ता नाही. ताईंनी ती वही काखेत मारून चार महिने कचेरीत खेटे घातले, तेव्हा कुठं आराखड्यात एक पान वाढलं. माणसांचा निवारा जिथं, जनावरांचाही तिथंच. त्या पानावर ‘तराफा’चं नाव शोधून सापडणार नाही. ताईंना ते तसंच हवं होतं.

“रिकाम्या हातानं गेलं की सायेब ‘बघू’ म्हणतो,” त्या प्रीतीला सांगायच्या. “आपणच कागद लिहून न्यायचा. आणि त्यात एक चूक ठेवायची, मुद्दाम. अगदी ढळढळीत. सायेब ती बरोबर पकडतो, लाल शाईनं दुरुस्त करतो. एकदा त्याची शाई लागली की कागद त्याचा झाला. मग वर जाऊन त्याच्यासाठी तोच भांडतो.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा प्रीतीला हसू आवरेना. मग तिनं तेच तीनदा डोळ्यांदेखत होताना बघितलं, आणि ही बुटकीशी बाई तिला कुठल्याही मंत्र्यासंत्र्यापेक्षा उंच वाटायला लागली.

पण कुरणवाडीचं गाडं वेगळ्याच जागी रुतलं होतं. कुरणवाडी म्हणजे प्रीतीचं सासर, कागलच्या पुढं दूधगंगेच्या काठाला. पूर आला की गावाला उंच जागा एकच, दीड किलोमीटरवरचा सिद्धाचा माळ. आणि माळ कर्नाटकात. एरवी ही हद्द कुणाच्या ध्यानातही नसते. इकडची पोर तिकडं दिलेली, तिकडची इकडं केलेली, तिकडची अव्वा नि इकडची आत्या एकाच जेवणावळीत वाढायला. पण पुराच्या वेळी त्या दगडाला एकदम वजन येतं.

पाच वर्षांपूर्वीच्या पुरात प्रीतीच्या सासऱ्यांनी, आकारामनी, बायकोला, सुनेला आणि दहा महिन्यांच्या नंदूला बोटीत बसवलं आणि स्वतः मोटारसायकलला किक मारली. मागं दोन म्हशी, चंद्री नि मोरी. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून ते हौसेनं त्यांना गाडीमागं पळवायचे. त्या दिवशी तशाच त्या हद्दीच्या नाक्यापर्यंत पळत गेल्या, न दमता, न बुजता. नाक्यावर शिपायानं अडवलं. साथीच्या भीतीनं जनावरं हद्दीपलीकडं घ्यायला मनाई होती, सोडायचा आदेश कुणी काढलेलाच नव्हता. शिपाई बिचारा हात जोडत होता म्हणे. तिथल्या टपरीवर कुणीतरी चहा दिला, आणि मग आकाराम माघारी फिरले. मग पाणी वाढलं. तिसऱ्या दिवशी सापडले ते गोठ्यातल्या गव्हाणीवर उभे, छातीभर पाण्यात, दोन्ही हातांत दोन दावी. चंद्री जगली. आकाराम आठ दिवसांनी दवाखान्यातच वारले.

प्रीतीचं बिऱ्हाड त्यानंतर कोल्हापुरात आलं, चंद्री भाऊसोच्या गोठ्यात राहिली. नंदू बालवाडीत जायला लागल्यावर एक दिवस ती ‘तराफा’चा जिना चढली आणि म्हणाली, “मला लिहितावाचता येतं आणि गाडी चालवता येते. काहीही काम द्या.”

दोन वर्षं ताई नि प्रीती पुरात म्हशी हद्दीपलीकडं सोडायच्या त्या एका कागदासाठी अलीकडच्या नि पलीकडच्या कचेरीत येरझाऱ्या घालत होत्या. दोन्हीकडचे साहेब एकमेकांना फोन करायलाही बिचकायचे. सीमेचं जुनं दुखणं, कोण कशाचा काय अर्थ काढील नेम नाही. ताईंना मात्र कुणी बिचकत नव्हतं. त्यांच्या मागं ना पक्ष, ना खुर्ची. साठीनंतर त्या कन्नड लिहायला शिकल्या, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं काढत, आणि प्रत्येक बैठकीचा कागद दोन्ही भाषांत स्वतःच्या हातानं लिहायच्या. पलीकडून म्हणाले, रोगराई येईल. ताईंनी एकेका म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लाळ-खुरकूतची लस टोचल्याची तारीख अशी यादी पुढं ठेवली. मग म्हणाले, एवढे ट्रक आले तर रस्ता तुंबेल. तेव्हा प्रीती न राहवून बोलली, “ट्रक कशाला साहेब? पाडव्याला पळतात तशा मोटारसायकलीमागं येतील की.”

त्याचीच काल रंगीत तालीम होती. एकवीस म्हशी, एकोणीस मिनिटं. पलीकडचे साहेब घड्याळाकडं बघून चक्क हसले होते. सोमवारी सही. पाऊस लागायला जेमतेम तीन आठवडे उरलेले.

आणि आता हे.

“पलीकडच्या साहेबांच्या कचेरीपुढं चाळीस माणसं जमलीयत,” ताई फोनवर म्हणाल्या. “घुसल्या म्हणजे काय, म्हणून विचारतायत. साहेब म्हणाले, फाईल बंद.”

प्रीतीनं भाऊसोला फोन लावला.

“भाऊजी, आधी तो व्हिडीओ काढा.”

“अवो वैनी, पुण्यासनं फोन आलता, म्हस इकायची हाय का म्हणून! चंद्रीला लाखाच्या वर मागत्यात.”

“काढा म्हणते ना!”

“काढतो की. पर आता गावानं उचललाय त्यो. शेपटाला धरून माघारी वडू काय?”

मग तिनं काय झालंय ते सांगितलं. भाऊसो एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता बोलला ते ऐकायलाही येईना. “म्हंजी आकारामतात्याचा कागद गेला व्हय, वैनी?”

गावात त्या कागदाला हे नाव पडलंय, हे प्रीतीला तेव्हा कळलं.

संध्याकाळी ती नंदूला कडेवर घेऊनच माडीवर गेली. “ताई, मला काढून टाका.”

ताई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. “काढलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण उद्या गाडी कोण चालवणार? मला येत न्हाय.”

“साहेबांकडं जायचं?”

“साहेबांकडं कशाला? साहेब त्या चाळीस जणांना भ्यालेत. आपण त्या चाळीस जणांच्या घरी जायचं.”

दुसऱ्या दिवशी रविवार, सासूबाई जोतिबाला गेलेल्या. म्हणून नंदू स्कूटीच्या पुढ्यात उभी, मागं ताई पिशवी छातीशी धरून, अशी त्यांची स्वारी निघाली. सिद्धाच्या माळाखालचं पलीकडचं गाव, त्या चाळीस जणांतले बरेच इथलेच. कल्लव्वा तिथली पंचायतीची सदस्य, नाक्यावर चहाची टपरी चालवणारी. घरापुढच्या छपरात ती दोन्ही पाय पसरून बसली होती, शेजारी पोटुशी सून. पाचेक वर्षांची एक पोर टोपलीत कोंबडीचं पिल्लू कोंडायला बघत होती.

“बर्री, कुंद्री,” कल्लव्वानं चटई सरकवली, पण तोंड फुगलेलं.

ताई बसल्याच नाहीत. हात जोडून म्हणाल्या, “कल्लव्वा, नमदु तप्पायतु.” चूक आमचीच.

“त्यांची नाही,” प्रीती पुढं झाली. तिचे कान तापले होते. “व्हिडीओ मी पाठवला होता. मीच.”

कल्लव्वानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “म्हस घुसली म्हणं! घुसायला आमचा माळ म्हंजी काय किल्ला हाय गं? ह्या म्हशी आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या. बोलवलं असतं की आम्हीच, हळद-कुंकू लावून. तू कुणाची?”

“कुरणवाडीच्या आकारामांची सून.”

कल्लव्वाचा आवाज खाली आला. “आकारामअण्णा. माझ्याच टपरीवर बसला हुता त्या दिवशी. अर्धा कप ठिवला तसाच आन उठला. म्हटलं अण्णा, पिऊन तर जा. म्हणला, म्हशी उभ्या हायत्या.”

नंदूला त्याचं काय, ती टोपलीपाशी जाऊन पिल्लू बघत होती.

“तुमचा कागद वाचून घेतला मी,” कल्लव्वा पुन्हा सुरू झाली. “त्यात तुमच्या म्हशी हायत. तुमची वैरण हाय. तुमच्या म्हशींचं शेण कुणी उचलायचं, ते बी हाय. आमचं काय हाय त्यात?”

ताईंचा हात पिशवीतल्या कागदाकडं गेला आणि तिथंच राहिला.

“त्याच पुरात आमचा खालचा रस्ता बुडाला. तुमच्या कागलचा तेवढा उघडा. ह्या सुनंला कळा लागल्या. तुमची अँब्युलन्स दगडापतोर आली आन थांबली. हद्द म्हणं! शेवटी ट्रॅक्टरात झाली बाळंत, ताडपत्रीखाली. ती बघा,” तिनं टोपलीकडं बोट केलं, “अख्खं गाव तिला ट्रॅक्टरव्वाच म्हणतंय.”

ट्रॅक्टरव्वानं वर बघून जीभ दाखवली. सून पदर तोंडाला लावून हसली.

“आता कितवा महिना?” ताईंनी विचारलं. त्यांच्यातली सिस्टर जागी झाली होती.

“सातवा.”

म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत. ताईंनी बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. त्या आता खाली बसल्या, पिशवीतनं कागद काढला, मांडीवर पसरला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघितला.

“कल्लव्वा, दोन वर्षं मी आमचंच रडगाणं लिहीत बसले. दोन्ही भाषांत लिहिलं, पण तुला काय पाहिजे ते एकदाही विचारलं नाही.” मग प्रीतीकडं वळून हळूच म्हणाल्या, “ही चूक मात्र मी मुद्दाम ठेवलेली नव्हती गं.”

त्या चटईवरच नवा कागद झाला. पूर आला की कुरणवाडीची म्हैस सिद्धाच्या माळावर, आणि माळाखालची बाळंतीण कागलच्या दवाखान्यात. दोन्हीला दगडापाशी कुणी अडवायचं नाही, कुणी परवानगी मागत बसायचं नाही. ताई सांगत होत्या, प्रीती लिहीत होती आणि कल्लव्वा मधेच, “असं न्हाय, तसं लिव्ह,” म्हणून हाताला हात लावत होती.

“त्या चाळिसातले निम्मे माझे भावकीतले,” निघताना ती म्हणाली. “बघते एकेकाकडं. ज्येच्या ज्येच्या घरात गरवार बाई हाय, त्येनं यावं की माझ्यापुढं घुसल्या म्हणायला.”

सोमवारी कचेरीपुढं पुन्हा माणसं जमली, पण या खेपेला तीस बायका, आणि सगळ्यांच्या पुढं कल्लव्वा. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना कळेचना की ज्या कागदाला परवा विरोध होता, तोच आज आपलीच माणसं मागतायत. अलीकडच्या बाजूला ताईंना दोन फोन पुरले. दवाखान्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली सलाईन लावायला शिकलेली. “सिस्टर, तुम्ही सांगताय म्हणजे...” एवढं ऐकलं की ताई पुढचं बोलू द्यायच्या नाहीत, थेट तारीख विचारायच्या.

गुरुवारी सकाळी माळाच्या पायथ्याला, कल्लव्वाच्या टपरीशेजारच्या लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं. दोन्हीकडचे साहेब आले, एकमेकांना आधी नमस्कार, मग हात, मग उन्हाळ्याबद्दल बोलणं. भाऊसो मोटारसायकल ढकलत आला.

“ढकलताय का, भाऊजी?”

“सायलेन्सर बसवला, वैनी. म्हटलं आता शाण्यागत वागावं. पर चंद्रीला गाडीचा आवाजच वळखंना झालाय. मागं यायलाच तयार न्हाय बया.”

प्रीतीला हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

पलीकडच्या साहेबांनी कागद सावकाश वाचला. एका ओळीवर थांबले, भुवया वर गेल्या. “हे काय? बाळंतिणीबरोबर एकच नातेवाईक? असं कसं चालेल? आई येणार, सासूही येणार. दोन पाहिजेत.” त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

“व्हय की साहेब,” ताई मान खाली घालून म्हणाल्या. “आमच्या लक्षातच आलं नाही.”

प्रीतीनं झटकन लिंबाच्या शेंड्याकडं बघायला सुरुवात केली.

साहेबांनी दुरुस्त केलं, खाली आद्याक्षरं घातली, आणि मग स्वतःच दुसऱ्या साहेबांना समजावून सांगायला लागले की हा आराखडा वरपर्यंत गेला पाहिजे, नदीकाठच्या प्रत्येक जोडगावाला लागू झाला पाहिजे, मी स्वतः पाठपुरावा करतो. दोघांनी सह्या केल्या. फोटोवाला ओरडला, “संस्थेचं कोण हाय? या की पुढं!”

कुणीच पुढं आलं नाही. ताई तेव्हा टपरीमागं उकिडव्या बसून कल्लव्वाच्या सुनेचे पाय अंगठ्यानं दाबून बघत होत्या, सूज किती आहे म्हणून. “मीठ कमी कर गं,” त्या बजावत होत्या. “आणि आता भ्यायचं नाही. गाडी दारात येणार.”

प्रीती लांबनं बघत उभी राहिली. दोन वर्षांत तिला कुणी विचारलं असतं, राजकारण कुठं होतं, तर तिनं मुंबई म्हटलं असतं, बेंगळुरू म्हटलं असतं. आज तिला ते त्या उकिडव्या बसलेल्या बाईच्या अंगठ्यात दिसत होतं.

गर्दी पांगली. कल्लव्वानं चहा ओतला. प्रीतीनं कप दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत, तळाचा गाळसुद्धा न ठेवता, तो प्याली. कल्लव्वा बघत होती. तिनं रिकामा कप तेवढा घेतला.

बाकड्यावर नंदू कागदाची झेरॉक्स मांडीवर घेऊन बसली होती. पहिलीत जाणार म्हणून हल्ली दिसेल ते वाचायची तिला खोड लागलेली. बोट फिरवत ती एकेक अक्षर जुळवत होती. “कु...रण...वाडी. म्है...स.” मग तिनं मान वर केली. तिथनं नाक्याचा आडवा बांबू दिसत होता, वर उचलून ठेवलेला.

“आई, हा कागद दाखवला की म्हशीला आत सोडतात?”

“हो.”

“दोन असल्या तरी?”

“दोन असल्या तरी.”

“आज्जाला पण सोडलं असतं?”

“सोडलं असतं, बाळा.”

नंदूनं कागदाची नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, शाळेत शिकवलेली तशी. आणि तो आईच्या हातात देता देता विचारलं,

“मग आज्जाला का नाही दिला कुणी?”